काळ्या कोंबडीची पांढरी पिल्लं

या, जरा जवळ सरकून बसा. टाळ घडीभर खाली ठेवा. देवाच्या कारागिरीची गोष्ट सांगतो, फक्त तिच्यात कोंबड्याच जास्त आहेत.

बावन्न-त्रेपन्न साल असेल. किन्हीराजाजवळच्या तांड्यातल्या भुरीबाईचा कोंबडा काळा, कोंबडीही काळी. कोंबडी खुडूक बसेना, म्हणून तिनं अंडी गावातल्या अमीनाबीकडे दिली. अमीनाबीच्या कोंबडीनं उबवायची आणि पिल्लं दोघींनी अर्धी-अर्धी घ्यायची, अशी तिकडची रीत. अमीनाबीचं पोट त्यावरच चालायचं.

पिल्लांना पंख फुटले, तर त्यात दोन पांढरीशुभ्र.

"काळ्याची पांढरी होतात काय वो अमीनाबी? माही अंडी काहून बदलली?"

"खुदाकसम, एक नाही बदललं. तुह्या कोंबड्यालेच विचार, त्याचा बाप कोन होता."

"त्याचा बाप म्याच पोसला. तोबी काळाच."

भुरीबाई आपल्या वाट्याची पिल्लं न घेताच पाय आपटत निघून गेली. बोलणं गावभर झालं आणि अमीनाबीकडे कोणी अंडी देईना.

पुढं मालेगावचे ढोरांचे डॉक्टर उकंडराव तांड्यात बैल पाहायला आले. भुरीबाईनं त्यांनाच पंच केलं.

डॉक्टर हसले. "पिल्लाले रंगाचे दोन दाणे भेटतात, एक मायचा, एक बापाचा. एक काळा न् एक पांढरा असला, तर काळाच दिसते, पांढरा लपून राह्यते. दोन्ही बाजूनं लपलेलेच आले, तर पिल्लू पांढरं."

"मंग पांढऱ्या कोंबड्या इतक्या कमी काहून?"

"घारीले विचारा. माळावर पांढरं पिल्लू तिले आधी दिसते. पिढ्या गेल्या की काळ्याच जास्त उरतात. पन काळ्यात लपलेला पांढरा तिले कसा दिसावा? तो पुढं चालत राह्यते."

"मले नाही पटत."

"मंग हीच जोडी कोंडा, अन् अंडी तुमीच उबवा."

तिनं जोडी खुराड्यात कोंडली. दुसरा कोंबडा आसपास फिरकू दिला नाही. या खेपेला कोंबडी खुडूक बसली. पिल्लं वाढली, त्यात पुन्हा एक पांढरं.

भुरीबाई ते पिल्लू ओच्यात घेऊन थेट विहिरीवर गेली. "आयका वो साऱ्या. अमीनाबी खरी. लबाडी माह्या कोंबड्याची."

अमीनाबी घागर भरतच म्हणाली, "त्याले काहून बोलतं भुरे? त्याले तरी कुठं ठाऊक होतं? चाल, तुह्या वाट्याची पिल्लं मोठी झाली, ने एकदाची."

संध्याकाळपर्यंत तिच्या दारात अंड्यांच्या टोपल्या आल्या.

आज आरतीला हात जोडाल, तेव्हा अमीनाबीची आठवण काढा, बाप्पाहो. चोर म्हणणारीची पिल्लंही तिनं आपल्याच दाण्यावर वाढवली होती.