उंबऱ्यावरची कवायत

शिटी ओठांना लागली आणि रंभाबाई थबकल्या. पितळ गार होतं. पहाटेच्या वेळी ते गार असायचंच, पण आजचा गारवा थेट दातांच्या मुळांपर्यंत उतरला, आणि पितळ तर कालचंच, शिटी रात्रभर टांगली होती तो खिळाही कालचाच – मग बदललं होतं ते काय... विचार त्यांनी तिथंच तोडला आणि शिटी फुंकली.

गल्लीतली दारं उघडली. ज्या दारांना कुलपं होती ती उघडली नाहीत. निळे रुमाल तोंडावर बांधलेल्या मुली आपापल्या उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. हे रुमाल गळ्यात बांधण्यासाठी शिवले होते, विहाराच्या मैदानावर ओळीनं चालताना दुरून निळी रेघ दिसावी म्हणून. धम्मचक्र दिनाच्या मिरवणुकीत मुलींचं दल सर्वांत पुढं चालणार होतं. मग पूर आला, पुराचा चिखल सुकतो न सुकतो तोच मरकी आली – इथले गुजराती लोक प्लेगला मरकी म्हणतात, आणि महिन्याभरात तो शब्द गोडादरा वस्तीतल्या मराठी घरांतही रुळला. मैदानावर जमायला बंदी झाली. पुरुष म्हणाले, दल बंद ठेवा. रंभाबाई म्हणाल्या होत्या, "दल बंद होत नसतं. दलाची जागा बदलते." तेव्हापासून प्रत्येकीनं आपल्या उंबऱ्यावरच कवायत करायची, जागच्या जागी कदमताल, शिटीच्या खुणेवर सावधान आणि विश्राम. पूर्वी पावलांचा एकच आवाज व्हायचा. आता तो गल्लीभर तुकड्यातुकड्यांनी वाजत जाई, आणि यंत्रमाग थंडावल्यामुळे प्रत्येक तुकडा वेगळा ऐकू येई.

समोरचा भिकन, मागावरचा कारागीर, लोटा घेऊन पायरीवर बसला होता. "माय, तुमच्या शिटीनं मरकी पळत असेल तर एक मलापण द्या. घरमालकाच्या कानाशी वाजवून बघतो, तो पळतो का."

"तू आधी तोंड बांध, भिकन. सध्या बोलायलासुद्धा कपडा लागतो."

तो हसला. त्याही हसल्या असत्या, पण हसण्यासाठी घेतलेला श्वास छातीत कुठंतरी अडकला आणि तो खोकल्यावाटे बाहेर पडू नये म्हणून त्यांनी ओठ घट्ट मिटले. धूर, दुसरं काय. रात्रभर लोक कडुनिंबाचा पाला जाळतात. त्यानं डोळे चुरचुरणार, हाडं ठणकणार... हाडं धुरानं ठणकत नाहीत, रंभा. वय झालं की ठणकतात. घरधनी भगवंत वारले तेव्हा रेल्वेच्या खोलीतून सगळा संसार डोक्यावर वाहून इथं आणला, तेव्हाही ठणकली होती. तेव्हा कुणी दवाखान्याची गाडी बोलावली नव्हती.

आत रूपाली चहा ओतत होती. "आजी, शिटी आज मधेच तुटली."

"तुझे कान तुटले असतील."

"दोनदा तुटली," नात म्हणाली. दलाची नायक ती. तिला असं शिकवलं कुणी? मीच. चूक दिसली की सांगायची, समोर कुणीही असो.

चहाला चव नव्हती. रंभाबाईंनी पेला हातात नुसता धरून ठेवला... सून प्रमिला स्टेशनला निघाली त्या सकाळी दारातच बसकण मारून म्हणाली होती, "आत्याबाई, तुम्हाला राहायचं तर राहा, पण पोरीला सोडा." मुलगा, धम्मरत्न, खाली मान घालून धाकट्याला कडेवर घेऊन उभा होता. भुसावळच्या गाडीला माणसं दारांना लोंबकळत होती म्हणे. आणि रंभाबाईंनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, "नायक पळत नाही." रूपालीचा चेहरा तेव्हा कसा उजळला होता. ती राहिली. रोज त्यांच्या पाठीला पाठ लावून झोपते ती, कालही झोपली.

कवायतीनंतर मुली दारोदार विचारायला निघाल्या. हेही रंभाबाईंनीच बसवलेलं. उंबरा ओलांडायचा नाही, हात लावायचा नाही. ताप, खोकला, मेलेला उंदीर, एवढंच विचारायचं. सुरुवातीला प्रत्येकीनं आपल्याच घराची खबर द्यायची असं ठरलं होतं. मग एके सकाळी किसनची लेक उज्ज्वला आपल्या उंबऱ्यावर ताठ उभी राहिली, सलाम केला आणि म्हणाली, "आमच्या आईला ताप आहे, आजी. खोकलापण." आतून तिच्या आईचा, सरस्वतीचा, आवाज आला होता, "काही नाही गं, पाण्यात काम केलं म्हणून..." दुपारी पांढरी गाडी आली. रंभाबाईंनी उज्ज्वलाला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हटलं, दलाची मुलगी अशी असावी. किसन अजून रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत जातो आणि काही न कळता परत येतो. दुसऱ्याच दिवशी रंभाबाईंनी नियम बदलला: आपल्या घरात कुणी विचारायचं नाही. कारण त्यांनी सांगितलं नाही. त्यांना कुणी विचारलंही नाही.

"जय भीम, आजी."

उंबऱ्याबाहेर उज्ज्वलाच उभी होती. टाचा जुळलेल्या, हात मांडीलगत, रुमालावर नुसते डोळे.

"जय भीम. आज तुझी पाळी?"

"वर्षा गावी गेली. तिची घरं पण मलाच." मग कवायतीचा स्वर आला. "मेलेला उंदीर?"

"नाही."

"खोकला?"

"धुराचा असेल तेवढा. सगळ्यांनाच आहे."

"ताप?"

त्यांनीच शिकवलं होतं, उत्तर आलं तरी लगेच हलायचं नाही, एक श्वास थांबायचं. खोटं बोलणारं माणूस त्या श्वासात डोळे हलवतं. रंभाबाईंनी डोळे हलवले नाहीत. "नाही," त्या म्हणाल्या, आणि तो एक श्वास गल्लीभर पसरला... मी या पोरीला घाबरते? हिच्या टाचा मी जुळवल्या, हिची मान मी सरळ केली.

"बरं, आजी." सलाम झाला. पावलं शेजारच्या दाराशी गेली. तोच सपाट आवाज, तेच शब्द.

आणि तेव्हा, पेला खाली ठेवताना, त्यांना सुचलं की सरस्वतीसुद्धा लेकीला 'नाही'च म्हणाली असणार. कुठली आई हो म्हणेल? मग उज्ज्वलाला कळलं कसं... तिनं हात लावला असणार. पहाटे उठून आईच्या कपाळावर तळवा ठेवला असणार, काळजीनं, जसा कुठलीही लेक ठेवते. आणि त्याच तळव्यानं मग उंबऱ्यावर येऊन सलाम केला. आज तिनं हात लावला नाही. मीच मनाई केली आहे.

"आजी, चहा तसाच राहिला." रूपाली हात पुसत जवळ आली होती. तिनं पेल्याकडं पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडं, आणि तिचा हात त्यांच्या कपाळाकडं निघाला.

"हात खाली."

आवाज मैदानावरचा आला, खणखणीत, कुठंही न तुटलेला. रूपालीचा हात अर्ध्यावर थांबला आणि सरळ रेषेत मांडीला जाऊन चिकटला. तिची मान ताठ झाली, नजर समोरच्या भिंतीवर गेली, टाचा जुळल्या. आता सांगितल्याशिवाय ती हलणार नाही, विचारणार नाही. पुढचा हुकूम येईपर्यंत अशीच उभी राहील, वीतभर अंतरावर, त्यांचाच श्वास घेत. उभ्या आयुष्यात रंभाबाईंचा शब्द कुणी मोडला नव्हता, आणि आता त्या तापल्या डोळ्यांनी नातीच्या त्या स्थिर हाताकडं पाहत होत्या – तो उठावा म्हणून, की उठू नये म्हणून, हे त्यांचं त्यांनाच कळेना.