मधोमध थांबलेला ठिपका

...पण तो लाल ठिपका मधोमध कसा? व्हिडिओचा धडा सुरू व्हायचा तर तो पडद्याखालच्या रेषेच्या डाव्या टोकाला हवा, आणि हा तर अर्धी वाट चालून बसलेला! पांढऱ्या पडद्यावर उघडं हृदय, डावी झडप अर्धवट मिटलेली, आणि फटीतून उलट दिशेनं पळू बघणारं रक्त तिथल्या तिथे गोठलेलं. बाईंनी हृदयाचा धडा अजून उघडलाच नव्हता. कालपर्यंत त्या पेशीतच होत्या.

"बाई, इथूनच लावा ना, भारी आहे," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

बाईंनी ठिपका मागे ओढला. निवेदिकेचा गोड आवाज सुरू झाला, हृदय धडधडू लागलं, आणि बाई स्वतःच्याच वर्गात पाहुण्यासारख्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. फळ्यावर रंगीत खडूंनी त्या हेच हृदय काढायच्या... ते धडधडत नसे खरं, पण त्यात बोट घालायची कुणाची टाप नव्हती. आता संकेतस्थळ आलं, पासवर्ड आला, आणि आपल्या नावानं दुसरंच कुणीतरी आत शिरून बसू लागलं.

दुसरं कोण? वायरसर. संगणकाचा हा तरुण मास्तर. गळ्यात सदा एखादी वायर, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. पासवर्ड त्यानंच करून दिला होता. पुढच्या वर्षी जीवशास्त्राचे तास त्या संकेतस्थळावरच भागवता येतील, असं मुख्याध्यापिका बोलून गेल्या, तेव्हा हा शेजारीच उभा होता, नको तितका गप्प. आता कळलं. धडे बघून तयारी चाललीय पठ्ठ्याची. बटण दाबायला जीवशास्त्र कशाला यावं लागतंय... माणूस ओळखण्यात बाई सहसा चुकत नसत, आणि त्याचा त्यांना थोडा गर्वही होता.

मधल्या सुट्टीत त्यांनी त्याला संगणकखोलीतच गाठलं.

"माझ्या नावानं कोण शिरतंय, दाखवा पाहू."

"पासवर्ड बदलून देऊ का, बाई?"

"आधी दाखवा."

त्यानं खाडखाड कळा दाबल्या. "रोज उघडलंय. हाच धडा... दरवेळी झडपेपाशी थांबवून पुन्हा मागे नेलाय." मग तो हसला. "बाई, हे तर तुमच्या घरच्याच कॉम्प्युटरवरून आहे! तयारी केलीत आणि विसरलात."

"हो, मीच की," बाई म्हणाल्या, आणि इतक्या पटकन खोटं बोलता आल्याचं त्यांना नवल वाटलं.

दुपारी, मी शाळेत असताना, घरी फक्त आमचे हे असतात. निवृत्त झालेले, कॉम्प्युटरला 'तुझं खेळणं' म्हणणारे. जिन्याच्या वळणावर थांबून शेजाऱ्यांच्या कुंडीतली माती चाचपणारे... यांना झाडांचं वेड कधीपासून लागलं? बँकेत जातो म्हणून गेले आणि अंधार पडता पडता परतले. आणि परवा जेवताना, ताटातून मान वर न करता — काय गं, या वयात छातीचं ऑपरेशन सोसतं का माणसाला? ऑफिसातल्या एकाचं चाललंय. आणि मी काय म्हटलं? तुमच्या ऑफिसातले सगळेच थकले आता, भात वाढू का?

दार नवऱ्यानंच उघडलं. नीट विंचरलेले केस, चेहरा नको तितका टवटवीत. कॉम्प्युटरवर आच्छादन घातलेलं होतं. पर्स ठेवता ठेवता बाईंनी त्याखाली हात घातला. कोमट.

"आज काय शिकवलंस?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"पेशीच," बाई त्यांच्याकडे बघत पुन्हा खोटं बोलल्या. "हृदयाला अजून वेळ आहे."

त्यांचे खांदे सैल झाले. "बरं बरं. बस तू, मी चहा टाकतो."

बाई खुर्चीत बसल्या. त्या एकेक गोष्ट समजुतीनं घेऊ लागल्या — दुपार जात नसेल. बायको काय शिकवते बघावं, असं वाटलं असेल. खरंच ऑफिसातल्या कुणाचं असेल, माणूस मित्रासाठी बघतोच की... आजवर कुणालाच त्यांनी इतकी सूट दिली नव्हती.

आत कपबशांचा आवाज होत होता. तो थांबला. हाक मारावी की नको हे बाईंना ठरवता येईना. त्या नुसत्या कान देऊन बसल्या, आणि चमचा पुन्हा कपाला लागेपर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही.