उसवलेली नोट

एमरी हाबेकर न्हाव्याकडे गेला, तेवढ्या वेळात त्याच्या बायकोने, व्हर्नाने, नोटेचे टाके उसवले.

हेतू चांगलाच होता. पेन्सिल्व्हेनिया वसाहतीची ती वीस शिलिंगांची नोट हाती लागायला एमरीने एकतीस वर्षं वाट पाहिली होती. शनिवारी लिटिट्झ गावी जुन्या नोटांच्या संग्राहकांच्या प्रदर्शनात ती पहिल्याच काचेखाली मांडायची होती. आणि अशा मानाच्या नोटेवर मधोमध काळ्या दोऱ्याचे वाकडेतिकडे टाके! गोधड्या शिवण्यात हयात गेलेल्या व्हर्नाला ते बघवेनात. टाके काढून मागून पातळ कागद लावू, असं तिने ठरवलं. शेवटचा टाका निघाला आणि नोटेचे दोन तुकडे झाले. नोटेच्या मागे छापलेलं झाडाचं पान देठाशी दुभंगलं.

खळ कोणती चालेल ते बघायला तिने एमरीचं पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं : त्या काळी लोक फाटकी नोट शिवून चालवत, तो दोरा नोटेचाच भाग, कधीही काढू नये.

सुई हाताशी होती, भोकं जागच्या जागी होती. पुन्हा शिवली तर देवाशिवाय कुणाला कळणार? पण त्याच्याशी तर ती रोज पहाटे बोलत असे.

एमरी आला. "काय गं, अशी का बघतेस? फार कापले का केस?"

"एमरी, नोटेचे टाके मी उसवले."

तो खुर्चीत बसला. त्याने दोन्ही तुकडे जवळ ओढले. मग म्हणाला, "अडीचशे वर्षं टिकला होता तो दोरा."

"आहे ना!" तिने सुयांची डबी उघडली. "गोधडीवाली दोरा फेकते होय? शिवून देऊ? ओळखू येणार नाही."

एमरीने नोटेच्या तळाशी बोट ठेवलं. "वाच. 'नक्कल करणाऱ्यास देहदंड.' तू शिवलेली म्हणजे नक्कलच. आता या वयात तुला फासावर चढवू?"

ती रडता रडता हसली.

शनिवारी नोट शेवटच्या काचेखाली गेली. दोन तुकडे, शेजारी दोऱ्याचं वेटोळं, आणि एमरीच्या अक्षरातली चिठ्ठी : 'दोरा मूळचा. टाके बायकोने उसवले.'

येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून तो व्हर्नाकडे बोट दाखवत सांगत होता, "हीच ती. पण बघा, हिने एकही भोक फाटू दिलेलं नाही."