मुक्या नावाडणीचं भाषण

माझ्या आत्याने माझी अब्रू काढली ती तिच्या चष्म्याच्या दुकानात बसून, लाखभर लोकांसमोर. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती काउंटरवर फोन उभा करते आणि आमच्या मालिकेचा आदल्या दिवशीचा भाग सोलून काढते. मागे भिंतभर चष्म्यांच्या फ्रेमा. लोक तिला ‘चष्मेवाली आत्या’ म्हणून ओळखतात.

मालिका ज्या सहा पुस्तकांवर बेतलीय, ती आत्याला तोंडपाठ आहेत. मलाही, कारण लहानपणी तिनेच मला ती वाचून दाखवली. त्यात एक नावाडीण आहे. सगळे तिला मुकी म्हणतात, पण तिला बोलता येत नाही असं नाही, ती बोलत नाही. राजाने तिचं गाव बुडवलेलं असतं. पुढे तोच राजा जीव वाचवायला तिच्या होडीत बसतो आणि भर नदीत माफी मागतो. ती वल्हं त्याच्या हातात देते आणि त्याच्या जागेवर जाऊन बसते. बस. या प्रसंगाला आत्याचा आवाज दर वेळी अडकायचा.

मालिकेत हे काम एका बड्या नटीला मिळालं, आणि बडी नटी गप्प कशी बसणार? वल्ह्याचा प्रसंग अजून लांब होता, पण चौथ्या भागातच नावाडणीने तीन पानी भाषण ठोकलं. पडद्यावर लेखिका म्हणून नाव माझं.

आता आमच्याकडची पद्धत सांगते. आम्ही पाच लेखक एका टेबलाभोवती बसून सगळेच भाग मिळून लिहितो, आणि नाव मात्र पाळीने लागतं. चौथ्या भागाला माझी पाळी होती. भाषण लिहिलं होतं मुख्य लेखकांनी, म्हणजे आमच्या सरांनी. भाषण नको, नको असं मी म्हणत होते, पण माझं ऐकतो कोण?

आत्या फोनसमोर म्हणाली, “ही माझी सख्खी भाची. हे पुस्तक हिने माझ्या मांडीवर बसून ऐकलंय. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी म्हटलं असतं, बिचाऱ्याला कळलं नाही. हिने कळून सवरून माती खाल्लीय.”

दुसऱ्याच दिवशी निर्मात्यांनी मला बोलावलं. आत्याला तो व्हिडिओ काढून टाकायला सांग, नाहीतर पुढच्या पर्वाला तुझा विचार करणं अवघड आहे, असं अगदी गोड आवाजात सांगितलं.

मी तडक दुकानात गेले. आत्या एका चष्म्याची काडी गरम करून वाकवत होती. मी तिला पाळीचं सगळं समजावून सांगितलं. तिने मान वर न करता विचारलं, नाव लागत होतं तेव्हा नको म्हणालीस का? मी म्हणाले नव्हते. मग माझाही पारा चढला. स्टुलावर बसून नावं ठेवायला काय जातं, तिथे दहा माणसं दहा बाजूंनी ओढतात, एकदा येऊन बस म्हणजे कळेल, असं बरंच काही मी बोलले.

“मला लिहिता येत नाही,” ती म्हणाली. “पण वाचता येतं. व्हिडिओ मी काढून टाकणार नाही. तुझ्या नोकरीचं तू बघ.”

मी चिडूनच बाहेर पडले. घरी पोहोचेपर्यंत तिच्यावर चिडले होते, नंतर स्वतःवर.

आणि माझं नशीब असं, की शेवटच्या भागाला पुन्हा माझीच पाळी आली. सरांनी वल्ह्याच्या प्रसंगासाठी दोन पानी भाषण आणलं. नटीला ते फार आवडलं होतं. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मी म्हणाले, “ती बोलणार नाही.”

सर हसले. “अगं, न बोलता प्रेक्षकांना कळत नाही.”

“मग माझं नाव काढा.”

त्यांनी नाव काढलं, आणि नावाबरोबर मलाही. माझं ओळखपत्र दारावरच काढून घेतलं. तिथून मी भराभर चालत थेट आत्याच्या दुकानात गेले.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. शाब्बास वगैरे काही म्हणाली नाही. डोळे पुसले आणि म्हणाली, भाग लागू दे, मग बघू.

भाग लागला. नावाडीण दोन पानं बोलली. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याने काउंटरमागे दोन स्टुलं मांडली आणि फोन चालू केला. ही माझी भाची, हिला मालिकेतून काढलंय, एवढं सांगून ती माझ्याकडे वळली.

“तू लिहिलं असतंस, तर नावाडीण काय बोलली असती?”

मी काहीच बोलले नाही. फोनकडे बघत राहिले. आत्याही गप्प बसली. रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते, फोन चालूच होता. बऱ्याच वेळाने तिने तो बंद केला आणि आहे तसाच व्हिडिओ लोकांसमोर टाकला.

संध्याकाळपर्यंत खाली हजारोंनी लिहिलं होतं, नावाडीण अशीच गप्प हवी होती. आता कुणीतरी सरांना सांगा, न बोलताही लोकांना कळलं.