आयरिसबाईंच्या काळ्या केकची बरणी

टक्.

दोन वर्षांनी माझं झाकण उघडलं तेव्हा एवढाच काय तो आवाज झाला. स्वयंपाकघरात आयरिसबाईंच्या लेकीने, व्हर्लिनने, माझ्या तोंडाशी नाक नेलं आणि डोळे मिटले. तिच्या सहा वर्षांच्या मुलीने, केझियानेही वास घेतला.

"शी! खोकल्याचं औषध," ती म्हणाली.

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. दूर समुद्रापारच्या जॉर्जटाउन शहरातल्या एका चिनी वाण्याकडे मी आधी लिमलेटच्या गोळ्या सांभाळायचे. गोळ्या संपल्या आणि नुकतंच लग्न झालेल्या आयरिसबाईंनी मला मागून नेलं. धुऊन उन्हात वाळवलं. मनुका, बेदाणे, सुकी आलुबुखारं आणि संत्र्याच्या मुरवलेल्या साली बारीक करून माझ्यात भरल्या, वर गळ्यापर्यंत रम ओतली.

त्यानंतरची छत्तीस वर्षं मी कधी रिकामी झाले नाही. केकसाठी फळं काढली की तळाशी मूठभर ठेवायची, त्यावरच नवी घालायची, असा या घराचा नेम. तुमच्याकडे विरजण ठेवतात तसा. नाताळ झाले, बाप्तिस्मे झाले, लग्नं झाली. लोकांनी केक वाखाणला. बरणीला कोणी वाखाणत नाही, आणि मला त्याचं फारसं काही वाटत नाही.

शेवटचं भरताना आयरिसबाई म्हणाल्या होत्या, "ही लेनॉक्सच्या लग्नाची." लेनॉक्स त्यांचा धाकटा. तेव्हा त्याला मुलगीही मिळाली नव्हती. पुढच्याच महिन्यात बाई गेल्या. व्हर्लिनने मला सिंकखाली रॉकेलच्या बाटलीमागे सरकवलं, आणि तिथे माझ्या अंगावरून झुरळं फिरत राहिली.

आता शनिवारी लेनॉक्सचं लग्न होतं. एकशेवीस माणसं जेवायला, आणि केक आईच्याच फळांचा, आईच्या केकसारखाच काळा व्हावा, एवढंच लेनॉक्सने बहिणीकडे मागितलं होतं.

फळं उत्तम होती. अडलं ते साखरेपाशी. या केकला काळा रंग येतो तो जाळलेल्या साखरेचा. ती कुठवर जाळायची, हे आयरिसबाईंनी लेकीला कधी सांगितलं नव्हतं. विचारलं की म्हणायच्या, "कळतं गं." फळीवरून मी छत्तीस वर्षं बघत आले होते. मला माहीत होतं. पण बरणीला नुसतं तोंड असतं, वाचा नसते.

पहिल्या खेपेला व्हर्लिन घाबरली आणि तिने कढई लवकर उतरवली. शेजारच्या मर्टलमावशी पाच डझन अंडी फोडायला आल्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं.

"चहा केलास का पोरी? आयरिसचा केक म्हणजे अमावास्या. हा तर गोरा गव्हर्नर होणार."

दुसऱ्या खेपेला पार कोळसा झाला.

"हा इस्त्रीवाल्याला दे," मावशी म्हणाल्या.

"तुम्हाला येत असेल तर सांगा ना, मावशी."

"येत असतं तर माझा केक कुत्र्याने हुंगून सोडला असता? तुझ्या आईने मला जन्मभर अंडीच फोडायला लावली."

पिशवीत शेवटची साखर उरली होती. लोणी-अंडी फेटून तयार होती, ती फार वेळ थांबणारी नव्हती. व्हर्लिनने तिसऱ्यांदा कढई ठेवली. साखर वितळली, फसफसली, तपकिरी झाली. मग धूर येऊ लागला. साखरेचं जळणं थांबवायला व्हर्लिनचा हात गरम पाण्याच्या किटलीकडे गेला.

"मावशी," ती एकाएकी म्हणाली, "आई केक करताना रडायची."

"दर वर्षी. आम्ही म्हणायचो, नवरा आठवत असेल."

व्हर्लिनचा हात किटलीवरच थांबला. तिने केझियाला मागे सारलं आणि स्वतः कढईवर वाकून उभी राहिली. धूर दाट झाला, डोळ्यांत गेला, झोंबला. डोळे भरले. पहिला थेंब हनुवटीपर्यंत आला तेव्हा तिने पाणी ओतलं. चर्र झालं.

मावशींनी चमच्याच्या टोकावर थोडं घेऊन फुंकून चाखलं. कडू होतं, पण करपलेलं नव्हतं.

"हीच आयरिसची साखर," त्या म्हणाल्या आणि चमचा चाटून पुसला.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी बरणी असेल. तिला पार रिकामी करू नका, अडगळीत ढकलू नका. आणि ज्या हाताची चव तुम्हाला आवडते, त्याला "कळतं गं" म्हणून सुटू देऊ नका. तो हात आहे तोवर शेजारी उभे राहा आणि बघा.

साखर निवली. फेटलेल्या मिश्रणात ती, दालचिनी, जायफळ, काजू पडले. व्हर्लिनने माझ्यातली फळं काढून त्यात घातली, माझ्या तळाशी मूठभर ठेवली आणि त्यावर नवी घातली. ढवळायला घरातल्या प्रत्येकाचा हात लागायचा असतो, म्हणून केझियाला स्टुलावर उभं करून तिच्या हातात लाकडी पळी दिली.

खिडकी उघडी होती. समुद्राकडचा वारा आत येत होता. केझियाने दोनदा पळी फिरवली आणि मान वर केली.

"आई, धूर तर केव्हाच गेला. मग तू अजून का रडतेस?"