व्याघ्रराजांनी दात दाखवले तेव्हा

गोदामाच्या दारात सकाळी आठलाच चपलांचा ढीग पडला होता आणि आत मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर वाघबाबा आणि त्यांच्या पायाशी साखळीने बांधलेले व्याघ्रराज, म्हणजे उंच पायांचा, ठिपक्याठिपक्यांचा, थोराड कानांचा एक बोका. साखळी पुरेल तेवढ्यात तो सारख्या येरझारा घालत होता. "राजे पहारा देतायत!" बाबा ओरडायचे. मधूनच राजे शेपटी थरथरवून पहिल्या रांगेवर पिचकारी मारायचे. "आशीर्वाद! घ्या, घ्या!" आणि कोरडे राहिलेले लोक भिजलेल्यांकडे हेव्याने बघायचे.

गर्दीतल्या एका शिंप्याचं या कशातच लक्ष नव्हतं. त्याच्या दहा महिन्यांच्या मुलीला दर चार दिवसांनी ताप भरत होता आणि वजन काही वाढत नव्हतं. बाबा सांगत, घरात कुणाच्या पायाशी काळी सावली असली की व्याघ्रराज दात दाखवतात. म्हणून तो बायको, बाळ आणि थोरल्या बहिणीला घेऊन आला होता. ताई अकरा वर्षं त्याच्याकडेच राहत होती आणि प्राण्यांच्या दवाखान्यात पिंजरे धुण्याचं काम करत होती.

दाराशी बाबांचा चेला प्रत्येकाला पाय पुसायला ओलं फडकं देत होता. पाय पुसायचे आणि बोक्यासमोर उभं राहायचं. शिंपी झाला, बाळाला घेऊन बायको झाली. बोक्याने हुंगून तोंड फिरवलं. ताईच्या पायाशी मात्र तो थबकला. मान वर केली, वरचा ओठ मागे ओढला आणि जबडा वासून तसाच बघत राहिला.

"दिसली! सावली दिसली!" बाबा गरजले. "हिला संध्याकाळच्या आत घराबाहेर काढ, नाहीतर पोरीची आशा सोड!"

घरी आल्यावर शिंपी मशीनवर बसला, उठला, पुन्हा बसला. एकच कॉलर त्याने तीनदा उलटी लावली. बायको भिंतीकडे बघत बाळाला थोपटत होती आणि ताई पिशवी भरत होती.

"जाते मी," ताई म्हणाली. "पण एक सांगू? मला दिलेल्या फडक्याला मांजराच्या मुताचा वास होता."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"अरे, अकरा वर्षं तेच धुतेय मी. वरून कितीही अत्तर मारलं तरी मला कळणार नाही होय? तुमच्या फडक्यांना नव्हता."

शिंप्याला एक गोष्ट आठवली. दोन दिवसांपूर्वी नाव नोंदवताना चेल्याने अगदी लाडीगोडीने विचारलं होतं, "घरात बाहेरचं असं कोण राहतं हो?" आणि त्यानेच उत्तर दिलं होतं, "बहीण."

तो तसाच उठला आणि ताईबरोबर तिच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "सोपं आहे," त्या म्हणाल्या. "तेच फडकं दुसऱ्या कुणाच्या पायाला लावून बघू."

त्या रात्री ताई दवाखान्यातच झोपली आणि दुसऱ्या सकाळी तिघं गोदामात पोहोचले. चेल्याजवळ ओल्या फडक्यांच्या दोन बादल्या होत्या. ताईने नाक मुरडून मागची दाखवली. डॉक्टरीणबाईंनी चेल्याला बोलण्यात गुंतवलं, तेवढ्यात शिंप्याने त्या बादलीतलं फडकं उचललं आणि थेट मंच गाठला.

"महाराज, आज तुमचे पाय पुसायची सेवा मला द्या."

एवढ्या गर्दीसमोर नाही कसं म्हणणार? बाबांनी ऐटीत दोन्ही पाय पुढे केले. बोका आला, त्याने हुंगलं, ओठ मागे ओढला, जबडा वासला.

"अगं बाई!" पहिल्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली. "सावली तर बाबांच्याच पायाशी आहे!"

"राजे... राजे हसतायत," बाबांची बोबडी वळली. चेला चपलाही न शोधता पसार झाला होता.

मग डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. "परक्या मांजराच्या मुताचा वास आला की मांजर असंच तोंड करतं. टाळूपाशी वास ओळखायचा एक अवयव असतो, तिथवर वास ओढून घेतं. तो राग नाही आणि हा वाघही नाही. रानमांजर आणि घरमांजर यांच्या संकरातून झालेला जीव आहे हा. याला चढायला उंच जागा, लपायला आडोसा आणि मोकळं हिंडायला अंगण लागतं. अनोळखी माणसांना तो बिचकतो. येरझारा म्हणजे पहारा नव्हे, जिवाची तगमग आहे. आणि आशीर्वाद म्हणून तुम्ही जे अंगावर घेतलंत, तेही मूतच!"

पहिली रांग मुकाट्याने अंग पुसू लागली. डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी बोक्याची साखळी सोडवली. आता तो जाळी लावलेल्या मोठ्या आवारात असतो, कुणाच्या मांडीवर बसत नाही.

त्या सकाळी गोदामाबाहेर आल्यावर शिंप्याला राहवलं नाही. "ताई, तुझं नाव मीच दिलं होतं त्या चेल्याला. घरी चल."

"मनात काही होतं तर मला विचारायचंस ना रे," ताई म्हणाली आणि तिला रडू फुटलं. डोळे पुसून तिने विचारलं, "डॉक्टरांनी पोरीची रक्त-लघवी तपासायला सांगितली होती. तपासलीस?"

"नाही," शिंपी म्हणाला. डॉक्टरांनी सांगून तीन आठवडे झाले होते.

"मग घरी काय चल म्हणतोस? तिला घे आणि आधी तपासायला चल."

तपासणीत लघवीच्या मार्गात जंतू सापडले. औषध सुरू झालं आणि आठवडाभरात पोरगी खाऊ लागली. तीन आठवडे ती तापाने फणफणत होती आणि तपासणी सोडून तिचा बाप एका भेदरलेल्या जनावराच्या तोंडाकडे बघत रांगेत उभा होता, हे सांगताना अजून माझा संताप होतो. ताप आला तर डॉक्टरांना विचारा, आणि आपल्या माणसाबद्दल मनात शंका आली तर त्या माणसालाच विचारा.