तात्पुरता लावलेला निळा बगळा

मित्रांनो, मी एक जुनी मातीची टाइल आहे. वीतभर लांब, वीतभर रुंद आणि अंगावर एक निळा बगळा. काही दिवसांपूर्वीपर्यंत आम्ही दोनशे सोळा बहिणी होतो. आता मी एकटी उरले आहे. बोलताना मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या, कारण झाले ते मला अजून खरे वाटत नाही.

आमचा जन्म दोन बहिणींच्या भट्टीत झाला. घरामागे पत्र्याची शेड होती, तोच त्यांचा कारखाना. धाकटी चित्रे काढायची, तिला सगळे बाई म्हणत. थोरल्या बहिणीला ताई म्हणत, आणि आमच्यावर रंग चढवण्याचे काम तिचे. एका रिसॉर्टच्या मालकांनी पोहण्याच्या तलावामागच्या भिंतीसाठी भलेमोठे चित्र सांगितले होते. तळे, लव्हाळे आणि पांढऱ्या बगळ्यांचा थवा. स्वागतकक्षासाठी त्यांनी कॅनव्हासवरची होड्यांची चित्रेही करून घेतली होती. ती कॅनव्हासवरची मंडळी कायम नाकाने कांदे सोलायची, पण ते जाऊ दे.

आमच्या धंद्यात एक गंमत असते. भट्टीत जाण्याआधी सगळे रंग सारखेच दिसतात, पिठाच्या पाण्यासारखे. कुठला पांढरा नि कुठला निळा, हे वाडग्यावरच्या चिठ्ठीवरूनच कळते. मी सर्वांत शेवटची होते. पांढऱ्याचा वाडगा संपला, म्हणून ताईंनी शेजारचा ओढला. त्याची चिठ्ठी ओली होऊन गळून पडली होती. दोन दिवसांनी भट्टी उघडली, तर बाकीचे बगळे पांढरे आणि माझा एकटीचा निळा.

बाईंनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले. म्हणाल्या, "अगं ताई, हा बगळा आजारी पडलाय का?"

नवी टाइल करायला वेळ नव्हता. उद्घाटन चार दिवसांवर आले होते, म्हणून मला तशीच पाठवली आणि महिनाभरात बदलून देऊ असा शब्द दिला.

आम्हाला भिंतीवर लावायला आले ते पक्केमामा. खरे नाव कुणाला आठवत नसे. हा गवंडी प्रत्येक काम झाले की भिंतीवर थाप मारून "पक्कं" म्हणायचा, म्हणून ते नाव पडले. बाईंनी त्यांना विनवून सांगितले, "मामा, आधी लोखंडी चौकटींवर बसवू आणि चौकटी स्क्रूने टांगू. पुढेमागे काढता आलं पाहिजे."

"टांगायला हे काय कॅलेंडर आहे, बाई? मी लावलेलं जन्मात निघत नाही."

मामांनी दोनशे पंधरा जणींना जाड सिमेंटमध्ये रोवले. माझी पाळी आली तेव्हा म्हणाले, "ही बदलायचीच आहे ना? मग हिच्यावर माल कशाला फुकट घालवू?" आणि माझ्या चार कोपऱ्यांना सिमेंटचे चार ठिपके लावून मला चिकटवून टाकले. मला फार लागले ते. बाकीच्या घरच्या लेकी, आणि मी खुर्चीच्या कडेवर टेकलेली पाहुणी.

महिन्याने बाई पांढरी टाइल घेऊन आल्या. पण तोवर मुलांनी एक नियमच करून टाकला होता. आधी निळ्या बगळ्याला हात लावायचा आणि मगच पाण्यात उडी मारायची. मालक हसून म्हणाले, "राहू द्या बाई, पोरं रडतील." मी राहिले. ताई मात्र मला पाहायला कधी आल्या नाहीत. बाई बोलवायच्या, तर म्हणायच्या, "माझी चूक भिंतीवर चढवलीय, ती बघायला कशाला येऊ?"

बावीस वर्षे गेली. लोकांनी आमच्यापुढे उभे राहून फोटो काढले. मग हळूहळू भिंतीवर शेवाळ चढले, पुसायला कुणी येईना. थोरले मालक गेले. एका सकाळी एक माणूस आला आणि आमच्यावर लाल रंगाची मोठी फुली मारून गेला. मित्रांनो, आम्हाला वाटले की नव्या हंगामाची सजावट सुरू झाली. खरा अर्थ नंतर समजला, ती भिंत पाडायची खूण होती. धाकट्या मालकांना तिथे काचेची भिंत हवी होती. होड्यांची चित्रे खिळ्यावरून अलगद उतरवली, गोधडीत गुंडाळली आणि टेम्पोत बसून निघूनही गेली.

बातमी कळताच बाई धावत आल्या. केस पार पिकले होते. मुलांच्या एका दवाखान्याने आम्हाला जागा द्यायचे कबूल केले होते. धाकटे मालक म्हणाले, "घेऊन जा ना, माझी कुठे हरकत आहे? फक्त सोमवारच्या आत काढा."

बाईंनी पक्केमामांना शोधून आणले. गुडघे धरत ते आले. छिन्नी लावली आणि पहिली टाइल तीन तुकडे होऊन पडली. दुसरीचा चुरा झाला. मामांनी पाणी मारून पाहिले, पातळ पाते घालून पाहिले. दुपारपर्यंत अकरा जणी फुटल्या. त्या माझ्या शेजारणी होत्या. बावीस वर्षे आम्ही अंगाला अंग लावून उभ्या होतो. मला ओरडावेसे वाटत होते.

मामा उपड्या बादलीवर बसले. "टाइल फुटते, बाई, पण सिमेंट सुटत नाही," एवढेच बोलले. बाईंनी मान दुसरीकडे फिरवली.

थोड्या वेळाने उठताना आधार म्हणून मामांनी माझ्यावर तळवा टेकला, आणि छिन्नीच्या दणक्यांनी सैल झालेली मी अख्खीच्या अख्खी त्यांच्या हातात आले. त्यांनी मला उलटी केली. माझ्या पाठीवरचे चार ठिपके ते कितीतरी वेळ पाहत राहिले.

"ही एवढीच मी मनापासून लावली नव्हती," मामा म्हणाले.

सोमवारी यंत्र आले. मी फाटकाबाहेर बाईंच्या पिशवीत होते. पाहिले काही नाही, पण ऐकले सगळे. दोनशे चार जणी आणि एकच आवाज. तो अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

मित्रांनो, काही पाडण्याआधी ते कुणाच्या हातचे आहे, एवढे तरी विचारा. आणि जे जपायचे आहे ते सोडवता येईल असे लावा. निघूच नये म्हणून लावलेल्या माझ्या सगळ्या बहिणी गेल्या. मला काढून टाकायचे ठरले होते, म्हणून मी राहिले.

काल दवाखान्याच्या भिंतीवर मला लावले. मामांनी स्वतः चौकट आणली आणि दोन स्क्रूंवर मला कॅलेंडरासारखी टांगली. बावीस वर्षांत प्रथमच ताई मला पाहायला आल्या. त्यांनी निळ्या बगळ्यावरून अंगठा फिरवला.

मामांनी स्क्रू पिळता पिळता मागे वळून विचारले, "अजून आवळू का, ताई?"

"नको मामा," ताई म्हणाल्या, "जरा सैलच राहू द्या."